टाळीवाल्या काकू आणि ओटीचे तांदूळ

दर्पण कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकू बोलता बोलता मध्येच हवेत फाडकन टाळी वाजवायच्या. तळहात उघडून बघायच्या, पदराला पुसायच्या आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू! त्यांच्या घरात धान्यातली बारीक उडती पाखरं झाली होती. कॉलनीतली हिंदी बोलणारी पोरं त्यांना ‘ताली आंटी’ म्हणायची. “म्हणू देत. काही वाईट नाव नाहीये,” काकू म्हणायच्या.

सल्ले सगळ्यांनी दिले. कुणी कडुनिंब सांगितला, कुणी तमालपत्र. “तमालपत्राला भितात म्हणे! माझ्याकडे त्याच्यावर बसून आराम करतात मेली.” मग काकूंनी पदर खोचला. जाळी धरलेलं बेसन, रवा, चकलीची भाजणी, सगळं घराबाहेर. फळ्यांच्या फटी गरम पाण्याने आणि डब्यांच्या झाकणांचे आटे जुन्या टूथब्रशने घासले. नवं पीठ आलं की आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये. मुरार बाजारातल्या दुकानदारालाही ऐकवून आल्या, “भैया, सूजी बेच रहे हो या चिड़ियाघर?” मी म्हटलं, काकू, जाऊ द्या हो, थोडी पाखरं सगळ्यांकडेच असतात. “का जाऊ द्या? घर माझं आहे!”

तरी पाखरं येतच राहिली. एका दुपारी लक्षात आलं, ती आतल्या खोलीतल्या कपाटातून निघताहेत. कपाटात होती काकूंची शेवटची ओटी. काका असताना कुणाच्या तरी हळदीकुंकवात भरलेली. काका गेले आणि कॉलनीतल्या मराठी बायकांनी काकूंना बोलावणंच बंद केलं. ते त्यांना फार लागलं होतं. आता पुन्हा ओटी मिळायची नाही, म्हणून त्यांनी ते तांदूळ कधी शिजवले नाहीत. खणात तसेच बांधून ठेवले.

मी गाठ सोडली. आत नुसती जाळी आणि वळवळ. काकू वाकून बघायला लागल्या. मला वाटलं, आता रडतील. कसलं काय!

“पाखरांना चालली ना माझी ओटी? मग बायकांना न चालायला काय झालं?”

तांदूळ टाकले. खण उकळत्या पाण्यातून काढला, त्याचा रंगच गेला. आणि त्या संक्रांतीला काकूंनी स्वतःच हळदीकुंकू मांडलं. निम्म्या बायका आल्याच नाहीत. आलेल्यांपैकी एकीने चाचरत विचारलं, “ओटी कोण भरणार?”

“मी. तांदूळ फ्रीजरमधले आहेत, घाबरू नकोस.”

मला खरंच भीती वाटत होती, घरी सासूबाई होत्या. पण पहिला पदर मीच पुढे केला. पुढच्या संक्रांतीला आणखी बायका आल्या. मी काकूंची ओटी भरायला गेले, तर त्यांनी हात धरला. “माझी राहू दे. सगळ्या येऊ लागल्या की भर.”

सगळ्या कधी आल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

त्यांना आंघोळ घातल्यावर मी कपाटातून तोच रंग गेलेला खण काढला. नात्यातल्या एक बाई कुजबुजल्या, “अहो, ओटी सवाष्णीची भरतात.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं आणि भरली.

तांदूळ मात्र पुन्हा पुन्हा निवडून घेतले होते. एखादी जरी अळी निघाली असती, तर काकू टाळी वाजवत उठून बसल्या असत्या.