रिमोट माझ्या हातात होता

काळ्या व्हिनेगरची बाटली उघडली, आणि त्या आंबूस वासाबरोबर लिन आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी कार्डिफला आम्ही एकाच घरात भाड्याने राहायचो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेलो, तो चीनहून फिल्ममेकिंग शिकायला. एका रविवारी दुपारी त्याने डम्पलिंग्ज केले, व्हिनेगरची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि आपल्या गावी, मित्रांना घेऊन, स्वतः काढलेली फिल्म लावली.

बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीवर तीन पोरं बसलेली. धूळ, सिगारेटचा धूर, लांबून येणारा ट्रकचा आवाज. कोणी बोलेना, कोणी हलेना. पाचेक मिनिटं मी कशीबशी काढली.

"अरे, यात काही घडणार आहे की नाही?"

"हेच तर घडतंय," लिन म्हणाला.

मी हसलो, रिमोट उचलला आणि फिल्म पळवली. पोरांच्या माना बाहुल्यांसारख्या झटके खायला लागल्या. लिनही थोडंसं हसला. मग उठून भांडी घासायला गेला. त्यानंतर त्याने मला काही दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आता माझा एकोणीस वर्षांचा मुलगा युनिव्हर्सिटी सोडून घरी बसलाय. काल ही बाटली घेऊन येताना तो दिसला. बंद पडलेल्या पबच्या पायरीवर, दोन मित्रांबरोबर, गप्प. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि बघत राहिलो. बराच वेळ काहीच घडलं नाही.

त्याच्या खांद्यांना एवढा बाक आलाय, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.