नीलाक्काच्या पुड्या

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर बसप्पांचं किराणा दुकान आहे. पण गावात नाव होतं ते त्यांच्या बायकोचं, नीलाक्काचं. तिच्या हातची कडक भाकरी लातूरपर्यंत जायची. पन्नाशीत तिला आमवातानं धरलं. बोटं सुजली, सकाळी लुगड्याच्या निऱ्या करवेनात.

बसप्पांनी तिला अंबाजोगाईला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी रक्त तपासलं, गोळ्या लिहिल्या. "तीन महिन्यांनी गुण येईल. कायम घ्याव्या लागतील," एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली.

गोळ्यांनी मळमळायला लागलं, केस गळायला लागले. दीड महिना नीलाक्कानं कसाबसा काढला. मग वडवणीच्या बाजारात तिला झाडपाल्याचं औषध देणारा एक जण भेटला. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं विचारलं आणि तपकिरी भुकटीच्या पुड्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी नीलाक्का परातीपुढं बसली आणि तिनं वीस भाकऱ्या थापल्या.

"इंग्रजी औषध म्हंजे नुसती गरमी," ती सांगत सुटली. समोरची रुक्मिणीबाई गुडघ्यांनी बेजार होती. नीलाक्कानं तिला आपल्यातल्या पुड्या दिल्या. तीही पंधरा दिवसांत चालायला लागली. दोन वर्षं दोघी पुड्या घेत राहिल्या. दोघींचे चेहरे गोल झाले. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. जरा कुठं लागलं की कातडी काळीनिळी पडायची, ते कुणी मनावर घेतलं नाही.

गेल्या श्रावणात नीलाक्का न्हाणीत नुसती मटकन खाली बसली आणि तिचा खुबा मोडला.

पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, दंड पाहिले. "काय घेत होतात?" बसप्पांनी पुडी पुढं केली.

"यात स्टेरॉइड असणार. इंग्रजीच औषध, तेही मोजमाप नसलेलं. हाडं पोखरलीत त्यानं."

नीलाक्का कडवट हसली. "हे तवाच सांगायचं व्हतं, बाई. त्या माणसानं मला अर्धा तास इचारलं. तुमी दोन मिन्टं बी बसला न्हाईत."

"त्या दिवशी बाहेर शंभर जण थांबले होते," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

नीलाक्कानं पडल्या पडल्याच रुक्मिणीबाईला फोन लावला. "रुक्मिणे, त्या पुड्या आत्ताच्या आत्ता टाकून दे. इख हाय ते."

रुक्मिणीबाईनं ऐकलं. नीलाक्काचं ती नेहमीच ऐकायची. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, उठवेना. पाचव्या दिवशी अंबाजोगाईला नेताना ती जीपमध्येच गेली.

नीलाक्काला दवाखान्यात रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी मिळत होती. ती कशाची, हे तिनं विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. बातमी आल्यावर बाईंनी सांगितलं, "ते पुडीतलं औषध एकदम बंद करायचं नसतं. अंगाला सवय झालेली असते, म्हणून तुमचं या गोळीनं हळूहळू कमी करतोय. एकदम बंद केलं तर माणूस दगावतो."

"ह्ये बी आत्ताच सांगताव?" नीलाक्का म्हणाली.

रुक्मिणीबाईचे दिवस झाल्यावर तिची लेक स्वप्नाली नीलाक्काच्या घरी आली. नीलाक्का नुकतीच दवाखान्यातून घरी येऊन खाटेवर होती. पोरगी उंबऱ्यातच उभी राहिली.

"मावशी, दिल्या बी तुमीच, बंद करा म्हनून बी तुमीच सांगितलं. मधी येकदा डॉक्टरला कावून न्हाई इचारलं?"

नीलाक्कानं बसप्पांकडे पाहिलं. ते बाहेर दुकानात निघून गेले. स्वप्नाली उंबऱ्यातूनच मागं फिरली. त्यानंतर ती त्या घरात आलेली नाही.

वडवणीच्या बाजारातला तो माणूस आता आष्टीकडे बसतो म्हणे. नीलाक्का वॉकर धरून चालते, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घेते. मळमळ होतेच. बोटं वाकडी झाली ती झालीच. मागच्या आठवड्यात गल्लीतली एक सून विचारायला आली, सासूच्या कमरेसाठी त्या पुड्या कुठं मिळतात म्हणून. काय झालं ते सगळं तिला ठाऊक होतं. तरी म्हणाली, "आक्का, चार दिस तरी बरं वाटतंय ना?"

नीलाक्कानं तोंड भिंतीकडे केलं. "मला काई इचारू नकोस, बाई," ती म्हणाली.