तात्यांचा हात कानाला लागला

तात्यांइतक्या हौसेनं म्हातारं झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लोक केसांना कलप लावतात, वय विचारलं की दोन-चार वर्षं गिळतात. आमचे तात्या चाळिशीतच पिकलेले केस विंचरून मिरवायचे आणि बसमध्ये कॉलेजच्या पोराला खुशाल म्हणायचे, "ऊठ बाबा, म्हातारं माणूस उभं हाय." अंबडच्या आमच्या कारखान्यात सगळे त्यांना म्हातारबा म्हणत. मी टाइम ऑफिसात कारकून, वयानं त्यांच्या लेकीसारखी, म्हणून माझ्यापुरते ते तात्या.

म्हातारपणाबद्दल लोकांचे जे जे समज आहेत, ते सगळे तात्यांनी पाठ केले होते आणि सोयीनं वापरायचे. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून सुपरवायझरनं हाक मारली की तात्यांना ऐकू येत नसे. कँटीनमध्ये भजी तळायला पडली की मात्र मशिनच्या खडखडाटातही त्यांना बरोबर कळे. म्हाताऱ्याला झोप नसते, हे ते मला रोज सांगत आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावर असे घोरत की भोंगा वाया जाई. "तात्या, गोड कमी करा आता," असं मी एकदा म्हटलं, तर चौथी जिलबी उचलत म्हणाले, "ताई, दात हायेत तोवर खाऊ दे. उद्या तू ताट भरून दिलीस तरी चावता येणार नाय."

लेथवर उभे राहिले की मात्र हे सोंग गळून पडे. हात लांबच लांब. एक हात चाकावर, दुसरा टूलवर, आणि लोखंडाची साल अशी सलग निघायची की नवी पोरं आपलं काम सोडून बघत राहत. मशिनपाशी कुणी म्हातारबा म्हटलेलं त्यांना खपत नसे. "इथं नाय. ते बाहेर," म्हणायचे.

त्यांच्या वयाची कथा त्यांनीच मला सांगितली होती. गाव दिंडोरीकडलं. थोरल्या भावाला शाळेत घालायला वडील निघाले, तेव्हा हेही धोतर धरून बरोबर गेले. जन्माची नोंद कुणाचीच नाही. तेव्हाची रीत अशी, की पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. डाव्या कानाला लागला तर सहा वर्षं पुरी. भावाचा लागला. चार वर्षांच्या तात्यांनी गंमत म्हणून आपला नेला, तर तोही लागला! गुरुजींना पट भरायचाच होता. त्यांनी दोघांचीही जन्मतारीख एक जून लिहिली, सालही तेच. "आई म्हणायची, मला जुळं झालं आन मलाच ठावं नाय," असं सांगून तात्या खो खो हसत.

चूक मीही केली. ते पंचेचाळिशीचे असताना एकदा ऑफिसात आले. "ताई, तुझं अक्षर मोत्यावानी हाय. एक अर्ज लिही." रात्रपाळी चुकवायची होती. ते सांगत गेले, मी सजवत गेले : 'वार्धक्यामुळे दृष्टी अधू झाली असून हातापायांत पूर्वीची शक्ती राहिलेली नाही.' वार्धक्य शब्दावर तर ते भलतेच खूश झाले. "हा राहू दे. वजन हाय याला." रात्रपाळी टळली. त्या आनंदात आम्ही दोघांनी भजी खाल्ली.

पुढे तात्यांची बायको वारली आणि वर्षभरात निवृत्तीचं पत्र निघालं. कागदावर अठ्ठावन्न पुरी. टाइप मीच केलं. पत्रातल्या वयावर बोट ठेवून तात्या म्हणाले, "ताई, मी छप्पन्नचा हाय गं."

दुसऱ्या दिवशी केस काळेकुळकुळीत! कपाळावर कलपाचा डाग. सुपरवायझरनं तोंड उघडायच्या आत "आलो साहेब!" सगळा कारखाना पोट धरून हसला. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू? संध्याकाळी गेटपाशी ते मला म्हणाले, "सून लय गुणाची हाय. पण हातातला तांब्यासुदिक काढून घेती. मामा, तुम्ही बसा, म्हणती. दिवसभर बसून मी काय करू? दोन वर्षं मशीन पाहिजे मला. बाकी कायबी नको." मग मला हसू येईना.

मी त्यांच्याबरोबर मोठ्या साहेबांकडे गेले. तात्यांनी शाळेची सगळी गोष्ट सांगितली आणि हात डोक्यावरून नेला, तो कान ओलांडून पार हनुवटीला टेकला. "बघा साहेब, असा हात हाय. गुरुजी फसले."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाईल उघडली आणि वाचलं, "वार्धक्यामुळे दृष्टी अधू झाली असून... अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच दिलंय हे, म्हातारबा. आता तरुण कसे झालात?"

"साहेब, ते मी लिहिलंय," मी म्हटलं. "गंमत होती ती."

"गंमत कुणी फाईलला लावत नाही, बाई."

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. तात्याच मला समजावू लागले. "जाऊ दे ताई. इतकी वर्षं म्हातारपणाला हाका मारल्या. शेवटी आलंच ते."

निरोपाला शाल, नारळ आणि सगळ्यांच्या वर्गणीतून आरामखुर्ची. मशीन सोडून ज्याला काही नको होतं, त्याला आम्ही खुर्ची दिली! पुढं एकदा घरी गेले तर खुर्चीवर सुनेनं पापड वाळत घातले होते आणि तात्या अंगणात उभे होते. दीड वर्षानं ते गेले. मागितलेली दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. तो अर्ज मला अजून टोचतो.

आता मीही निवृत्त झाले. परवा खांदा धरला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर ते म्हणाले, "आजी, हात डोक्यावरून कानापर्यंत न्या बघू." नेला. कपाळाशीच अडला. "वयानं होतं असं," ते म्हणाले. घरी आले तर सुनेनं हातातली पिशवी घेतली, "आई, तुम्ही बसा."

तात्यांच्या गुरुजींच्या मापानं माझी अजून सहा वर्षंही पुरी नाहीत. हे तात्यांना सांगायला हवं होतं. खो खो हसले असते, आणि मग हळूच म्हणाले असते, "ताई, बसू नको."