गटारात ओतलेला माठ

भर दुष्काळात भरलेला माठ कुणी गटारात ओतेल का? सांगा.

मी ओतताना पाहिलाय. माझ्या हाताचा विटाळ झाला म्हणून. उदगिरात, भर दुपारी, समोर टँकरची वाट बघत बायांच्या घागरींची रांग असताना.

टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या मशिनी मी दुरुस्त करते. मालकाच्या दुकानात बोर्डाचं सगळं काम माझ्याकडं. तुटलेलं पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची खाच, गरम हवेनं सोडवायचं, नवं बसवायचं, त्याचा एकेक पाय कथलानं जोडायचा. सोल्डरिंगचं तापलेलं टोक सारखं ओल्या स्पंजावर पुसावं लागतं. स्पंज वाळला की टोक काळं पडतं, कथील धरत नाही. म्हणून पाणी हाताशी लागतं. पण आम्ही बौद्ध. माठाला हात लावायची मला बंदी. मालक तांब्या उंच धरून स्पंजावर वरून पाणी सोडायचा. माझ्या ओंजळीतही तसंच.

त्या दिवशी तो दारात चार लोकांशी बोलत उभा, उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चाचं ठरवत. 'आमच्या भागावर अन्याय होतोय,' हे त्याचं रोजचं भाषण. आत शिरूर अनंतपाळचा एक बागायतदार लेकराची मशीन घेऊन खोळंबलेला. पोर्ट निम्मं जोडलेलं. स्पंज ठणठणीत कोरडा.

"मालक, पाणी."

"थांब की! मोर्चाचं बोलायलोय, दिसंना का?"

पुन्हा हाक मारली. त्यानं वळूनही बघितलं नाही. टोक काळंठिक्कर. मी उठले. तांब्या माठात बुडवला, स्पंज भिजवला. उरलेलं पाणी प्याले. घटाघटा.

"अहो मालक, हिनं माठ बाटवला की!" बागायतदार ओरडला.

मालक आत आला. माठ उचलला, बाहेर नेला, गटारात उपडा केला.

"आवो, आमच्या घागरीत तरी वता!" रांगेतली एक म्हातारी धावली.

"हिचा हात लागलेलं चालतंय व्हय तुला?"

"पाण्याला काय रोग झाला, मुडद्या!"

मालक हसला. मला म्हणाला, "बस खाली. बोर्ड पुरा कर."

आजवर मान खाली घालून बसत आले होते. नाही बसले. सोल्डरिंगची वायर उपसली.

"बोर्डाला बी माझाच हात लागलाय, मालक. टाका तो बी गटारात."

बागायतदारानं झडप घालून बोर्ड छातीशी धरला. पुसलासुद्धा नाही.

मालकाचं हसू तिथंच थांबलं. निम्मं पोर्ट तसंच सोडून मी बाहेर पडले.

काम गेलं. गावात दुसऱ्या कुणी ठेवून घेतलं नाही. आता घरीच दुरुस्तीचं टेबल मांडलंय. ओंजळ धरून पाणी पिणार नाही. कुणाच्याच दारात.

आणि तुम्ही? मशीन दुरुस्तीला टाकाल तेव्हा बोर्डावर वाकलेल्या माणसाला पाणी कसं मिळतं, ते बघा. वेगळा गिलास दिसला, वरून धार दिसली, तर चार लोकांत मोठ्यानं विचारा. मालक गप्प बसला, तर तुमची मशीन उचला आणि बाहेर या.