तूर सांडली होती

"स्ट्रोक," लातूरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी तुंबली. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आयुष्यभर आडत केली मी, इतक्यानं भ्यालो न्हाई. भ्यालो ते पोराच्या फोननं. "बाबा, दोन महिन्यांत चालता आलं न्हाई, तर पुण्याला माझ्या फ्लॅटवर यायचं. कायमचं."

जीव वाचला, पण डावा पंजा लोंबायला लागला. याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. पाय पुढं येतो, पण पंजा वर होत न्हाई, फरशीवर घासतो. महिनाभर डॉक्टर रोज म्हणायचे, "काका, पाऊल उचला." अहो, उचललं असतं तर इथं कशाला आलो असतो!

मग प्रज्ञा आली. नांदेडची पोरगी, आमच्यासारख्यांसाठी कॉम्प्युटरवर रस्ते बनवून राहिली होती. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' म्हणजे डोळ्यांवर डबडं बांधायचं, चालायचं जागच्या जागी फिरत्या पट्ट्यावर, अन् दिसतो भलताच मुलूख. मला विलायती बाग दिसली.

"कशी हाय, काका?"

"कुणी मेलंय का इथं? चिटपाखरू न्हाई."

पोरगी चिडली न्हाई. "मग तुमचा रस्ता सांगा," म्हणाली. मी मोंढा सांगितला, हातगाड्या, पोती, चहाची टपरी. आठ दिवसांत बनवून आणला. टपरी उलट्या बाजूला होती, ते सोडा.

चार पावलं चाललो अन् थबकलो. पोतं फुटून रस्त्यावर तूर सांडली होती.

"चला ना, काका."

"अगं, धान्यावर पाय देऊ?"

"खोटी हाय ती तूर!"

"तूर खोटी असंल. पाय तर माझा हाय ना!"

अन् मी ती ओलांडली. डबडं काढलं, तर बायको तोंडाला पदर लावून रडून राहिली होती. "उचललंत की हो," डॉक्टर म्हणाले. मलाही लई भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञानं जागोजागी पोती फोडली. मी तिच्या हमालांचा उद्धार करत रोज ओलांडत गेलो. तुमच्या घरी कुणावर ही पाळी आली, तर आपण कशावर पाय देत न्हाई, ते आधी डॉक्टरांना सांगा. त्या पोरीचे उपकार फिटायचे न्हाईत.

आता उदगीरलाच हाय. पाय घासला की बायको पुढ्यात मूठभर तूर टाकते. मी ओरडत ओलांडतो, मग वाकून वेचतो.

परवा पोराचा फोन आला, "पुण्याला कधी येता?"

म्हणलं, "तुझी फरशी लई स्वच्छ रे. तिथं मला चालता यायचं न्हाई."