छातीवरचं अक्षर

मला जुने लेटर स्वेटर जमवायचा नाद आहे. पूर्वी इथे अमेरिकेत शाळा टीममधून खेळणाऱ्या पोरांना शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर द्यायच्या, चांगलं वीतभर, जाडजूड कापडाचं. ते छातीवर शिवलेला लोकरी स्वेटर म्हणजे लेटर स्वेटर. म्हातारी माणसं गेली की घरातलं सामान विकायला काढतात, तिथे असले स्वेटर मिळतात. बायको त्यांना मेलेल्यांचे कपडे म्हणते, म्हणून माझं कपाट गराजमध्ये आहे.

आणि मी ते नुसते जमवत नाही, घालतो. आमच्या शॉमबर्गच्या थंडीत याच्याइतकं उबदार काही नाही. अडचण एकच. दुकानात रांगेत उभं राहिलं की कोणीतरी हमखास विचारतं, "या टीममधून खेळायचास का?" आता मी शाळेत काय केलं, तर खो-खोवाल्यांच्या चपला सांभाळल्या. मग ओशाळून सांगावं लागतं, "नाही हो, विकत घेतलाय." विचारणाऱ्याचं तोंड पडतं, माझंही पडतं. मुलगी तर मॉलमध्ये माझ्यापासून लांबच चालते. "बाबा, यू डिडन्ट इव्हन अर्न इट," असं वर सुनावते.

समोरच्या घरात एक अमेरिकन आजोबा एकटे राहतात, नव्वदीला टेकलेले. मागच्या हिवाळ्यात मी मरून स्वेटर घालून दारातला बर्फ उपसत होतो, तर हे रस्ता ओलांडून आले आणि माझ्या छातीवरच्या पिवळ्या अक्षराला बोट लावून म्हणाले, "ही माझी शाळा." शाळा कधीच बंद पडली होती. ते सैन्यात गेले तेव्हा त्यांच्या आईने त्यांचा स्वेटर चर्चला देऊन टाकला होता. महिनाअखेरीला त्यांच्या टीममधला उरलेला एकुलता एक मित्र भेटायला येणार होता. "तेवढ्या दिवसापुरता देशील?" त्यांनी विचारलं. मागताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला कसंतरीच झालं.

"धुऊन देतो," मी म्हटलं. तिथेच काढून दिला असता तर पुढचं रामायण टळलं असतं, कारण आमच्याकडे साताऱ्याहून आई आली होती.

आईला रिकामं बसणं म्हणजे पाप वाटतं. धुवायला ठेवलेला स्वेटर तिच्या हाती लागला. कोपराला कसर लागून भोक पडलेलं. अशा स्वेटरचं काय करायचं हे आमच्याकडची कुठलीही बाई झोपेत सांगेल. उसवायचा, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, वाफ द्यायची आणि घरातल्या पोरासाठी नवा विणायचा. माझं अख्खं बालपण काकाच्या उसवलेल्या स्वेटरांत गेलंय.

ऑफिसातून आलो तर जेवणाच्या खुर्च्यांना मरून लोकरीच्या लडी. पिवळं अक्षर ओट्यावर, आणि त्याच्यावर नुकताच उतरवलेला कुकर.

"आई, हे काय केलंस?"

"भोक होतं रे त्याला. पोरीला हाफ स्वेटर होईल. आणि हे कापड कुकरखाली छान बसतंय."

माझं डोकंच सटकलं. मी वाट्टेल ते बोललो. आईवर ढिम्म परिणाम नाही, "आधी चहा घे," म्हणाली. मग मी आजोबांचं सांगितलं. तेव्हा मात्र ती खाली बसली.

"म्हणजे एका आईनं देऊन टाकला, आणि दुसरीनं उसवला," ती म्हणाली. "चल, त्यांचं माप घेऊ."

साडी, त्यावर कार्डिगन, पायात बूट अशी ती बर्फातून पुढे, आणि मी मागे. आजोबांना मी सगळं सांगून टाकलं. ते मटकन खुर्चीत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने मात्र त्यांना हात धरून उठवलं आणि परकराच्या नाडीने मापं घ्यायला सुरुवात केली.

"खांदे आहेत हो अजून यांना," ती म्हणाली.

"काय म्हणतायत?" आजोबांनी विचारलं. मी सांगितलं. ते ताठ उभे राहिले.

मग आमच्याकडे स्वयंपाक बंद, विणकाम चालू. शेवटी लोकर कमी पडली. आईने काखेत नातीच्या टोपीतली पोपटी लोकर घातली आणि बजावलं, "त्यांना म्हणावं, हात वर करायचे नाहीत."

ठरल्या शनिवारी आम्ही स्वेटर घेऊन गेलो. अक्षरही नेलं, पण त्यावर कुकरचा काळा गोल डाग पडला होता, घासूनसुद्धा जाईना. आजोबांनी तो बघितला, आत गेले आणि एक डबा घेऊन आले, त्यात तसंच एक पिवळं अक्षर. सैन्यात जाताना त्यांनी स्वेटर घरी ठेवला होता, पण अक्षर उसवून बरोबर नेलं होतं. आईने ते तिथेच बसून शिवलं.

मित्र दारात आला. टीमची जुनी खूण असणार, दोघांनी एकदम दोन्ही हात डोक्यावर नेले. पोपटी काखा लख्ख दिसल्या. आईने कपाळावर हात मारला. ते दोघं रडत होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

निघताना आजोबांनी डागाचं अक्षर आईच्या हातात ठेवलं. मला म्हणाले, "सांग तिला, हे तिनं कमावलंय."

"मला काय करायचंय ते," आई म्हणाली, आणि घरी आल्याआल्या तिने ते आपल्या कार्डिगनवर शिवलं, डागासकट.

परत जाताना विमानतळावर तिच्यासाठी व्हीलचेअर घेऊन आलेला माणूस त्या अक्षराकडे बघून हसला. "आजी, या टीममधून खेळलात का?"

मी आईला मराठीत सांगितलं आणि सवयीने "नाही हो" म्हणायला तोंड उघडलं. तिने हातानेच मला गप्प केलं, पदर कार्डिगनवरून बाजूला सारला आणि त्याला म्हणाली, "येस."