नामंजुरीचे पेढे

कुळगावच्या गुरुदत्तला लांबलचक नावांचा भारी तिटकारा. माणूस वाईट नव्हे, पण हट्टी. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अर्ज-परवानग्यांचा सगळा संगणकी कारभार त्यानेच लिहिलेला. रजेच्या यादीत ‘मंजूर’ म्हणजे एक, ‘नामंजूर’ म्हणजे दोन; खरेदीच्या यादीत नेमके उलटे. "रजा_मंजूर, खरेदी_मंजूर असं आडनाव लाव रे," शेजारच्या टेबलावरची सुनेत्रा म्हणाली होती. "मंजूर म्हणजे मंजूर! आडनाव कशाला?" म्हणून त्याने तिला उडवून लावले.

पण याद्यांवरून आपोआप कोड तयार करणाऱ्या प्रोग्रामने दोन्हीकडची नावे एकाच अंगणात ओतली. मागून आलेल्या खरेदीच्या आकड्यांनी रजेच्या आकड्यांना ढकलून दिले, आणि साहेबांनी रजा मंजूर केली की ती नामंजूर व्हायला लागली.

चूक कबूल करायला गुरुदत्तची जीभ रेटेना. कामगार मात्र वस्ताद. आठवड्याभरात ते अमितसाहेबांना गळ घालू लागले, "साहेब, प्लीज, माझी रजा नामंजूर करा ना! भाचीचं बारसं आहे." साहेबही उदार मनाने नामंजूर करीत. मग पेढे वाटले जात. एका आगाऊ फिटरची रजा साहेबांनी रागाच्या भरात मंजूर केली, तेव्हा तो बिचारा रडलाच. घरोघरी ही रीत पाठ झाली.

अशात बदलापूर गावातल्या राजसीशी गुरुदत्तचा साखरपुडा ठरला. कामापायी साखरपुडा आधीच दोनदा पुढे ढकलला गेला होता. तिसऱ्यांदा गेला तर मोडलं समज, असे तिने बजावले होते. गुरुदत्तने रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी चुकून मंजूर दाबले तर? दाबलेले बटण परत फिरत नाही, हा नियमही त्याचाच. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने कुणाला न सांगता सगळ्या नावांना आडनावे लावली, मंजूर पुन्हा मंजूर झाले आणि कितीतरी महिन्यांनी त्याला हलके वाटले.

दुपारी अमितसाहेब स्वतः टेबलापाशी आले. "गुरू, तुझा अर्ज पहिला घेतला. मनापासून नामंजूर केलाय. जा, मजा कर!"

सुनेत्राने टाळ्या वाजवल्या. गुरुदत्तने स्क्रीनकडे पाहिले. रजा खरोखरच नामंजूर झाली होती.

तेवढ्यात राजसीचा फोन आला. "काय झालं रजेचं?"

"नामंजूर," तो कसाबसा बोलला.

"अय्या, खरंच?" ती आनंदाने ओरडली. "बाबा, नामंजूर झाली हो! हॉलवाल्याला पक्कं सांगा!"